तारापूरचे भाभा आणि कॅन्सरचं देशी मशीन

चिंचणी : शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्रामुळे डॉ. होमी भाभांचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. पण कॅन्सरच्या उपचारातही त्यांचा वाटा मोठा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. १९३१ मध्ये त्यांच्या आत्या मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढे टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उघडलं. १९६२ मध्ये ते भाभांच्या अणुऊर्जा विभागाकडे आलं.

२४ जानेवारी १९६६ ला विमान अपघातात भाभा गेले. तारापूरची वीज १९६९ ला सुरू झाली, ती त्यांना पाहता आली नाही.

नंतर ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राने अणुभट्टीत बनणाऱ्या कोबाल्टवर चालणारं, रेडिएशन देणारं स्वस्त देशी मशीन तयार केलं. मुंबईबाहेरच्या हॉस्पिटलांतही ते बसलं. त्याचं नाव भाभाट्रॉन.