बोलपटाचे जनक : अर्देशीर इराणी

१९३० सालापर्यंत भारतात तयार होणारे कथाचित्रपट मुके होते. पडद्यावर राजे लढत, राण्या अश्रू ढाळीत; पण त्यांचा एकही शब्द प्रेक्षकांच्या कानी पडत नसे. मधूनमधून उमटणारी अक्षरे वाचून लोक कथा समजून घेत. या मुक्या चित्रांना ज्यांनी वाचा दिली, ते अर्देशीर मारवान इराणी होत.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुणे येथे झाला. तरुणपणी त्यांनी वाद्ये व फोनोग्राफ यांचा व्यापार केला. पुढे ते चित्रपटगृहे चालवू लागले व मुंबईस इंपीरियल फिल्म कंपनी स्थापून त्यांनी अनेक मूकपट काढले. 'शो बोट' हा काही अंशी बोलणारा अमेरिकन चित्रपट त्यांनी मुंबईत पाहिला आणि आपल्या देशातील चित्रपटही बोलला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

एक राजपुत्र आणि भटक्या टोळीत वाढलेली मुलगी यांची प्रेमकथा त्यांनी निवडली. जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाचे नाव 'आलम आरा'. जुबैदा व मास्टर विठ्ठल यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. परदेशातून ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणले गेले. ते हाताळण्याची विद्या एका अमेरिकन तंत्रज्ञाकडून थोड्याच दिवसांत शिकून इराणी स्वतः ध्वनिमुद्रण करू लागले.

परंतु अडचणी संपल्या नव्हत्या. स्टुडिओजवळून आगगाड्या जात व त्यांचा खडखडाट यंत्रात शिरे. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रण करावे लागे. ध्वनिग्राहक नटांच्या जवळपास दडवून ठेवीत. गाणी आधी मुद्रित करण्याची सोय नव्हती. नटाने अभिनय करता करताच गावे आणि वादकांनी दृष्टीआड बसून साथ करावी, अशी रीत होती.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला. गर्दी आवरण्यास पोलिसांना बोलवावे लागले. पुढे १९३३ मध्ये पहिला फारसी बोलपट आणि १९३७ मध्ये भारतातच संपूर्णपणे तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट 'किसान कन्या' इराणींच्याच संस्थेने काढला. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

'आलम आरा' मात्र आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या चित्रफिती सहज पेट घेत व कालांतराने कुजत. कित्येक तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या. चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय इराणींच्याच जन्मगावी, पुण्यात, १९६४ मध्ये निघाले. पण तेथेही या चित्रपटाची प्रत नाही. काही छायाचित्रे तेवढी उरली आहेत. ज्याने साऱ्या चित्रसृष्टीला बोलावयास शिकविले, त्या चित्रपटाचाच आवाज हरपला! निर्माण करण्यास धाडस लागते, तसे निर्माण झालेले टिकविण्यास दक्षता लागते. पहिला गुण इराणींनी दाखविला. दुसरा पुढच्या पिढ्यांनी अंगी बाणवावयाचा आहे.