सुझान लेंग्लेन : कादंबरीत न मावलेली नायिका

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात किशोरवयीन मुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचा एक ठरीव प्रकार आहे. नायिका सोळा-सतरा वर्षांची. ती पोहते, धावते, बास्केटबॉल किंवा टेनिस खेळते. पहाटे सराव, दिवसा शाळा, सायंकाळी सामना. आणि या धावपळीत कोठेतरी एक मुलगा तिच्या आयुष्यात येतो. मग खेळ की प्रेम असा पेच पडतो, थोडे रुसवेफुगवे होतात आणि अखेरच्या पानावर करंडक व प्रियकर दोन्ही तिच्या पदरात पडतात. या कथांना नाके मुरडण्याचे कारण नाही. शतकानुशतके कथेतील तरुणी खिडकीशी वाट पाहत बसली. ही नायिका घाम गाळते, पडते, उठते आणि पुन्हा मैदानात उतरते. हा बदल लहान नव्हे. मात्र एक प्रश्न या कथा सहसा विचारीत नाहीत. मुलीच्या अंगच्या या खेळाचा धनी कोण? शिकविणारा बाप, खेळविणारा क्लब, टाळ्या वाजविणारा प्रेक्षक, की ती स्वतः?

हा प्रश्न जिने स्वतःच्या आयुष्याचे मोल देऊन सोडविण्याचा प्रयत्न केला, ती फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंग्लेन. खेळाडू नायिकेच्या प्रेमकथेशी तिचा संबंध केवळ रूपकाचा नाही. १९२५ साली, ती कीर्तीच्या शिखरावर असताना, तिच्याच नावावर ‘द लव्ह गेम’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. मार्सेल पेनरोझ या कल्पित तरुणीची जीवनकथा असे तिचे स्वरूप होते. शीर्षकात श्लेष आहे. टेनिसच्या गुणलेखनात शून्याला ‘लव्ह’ म्हणतात आणि प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता जिंकलेला गेम तो ‘लव्ह गेम’. असे गेम सुझानने मैदानावर असंख्य जिंकले. प्रेमाच्या डावात मात्र तिच्या वाट्याला दुसऱ्या अर्थाचे शून्य आले.

तिचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील शार्ल लेंग्लेन यांनी घोड्यांच्या ओम्निबसचा वडिलोपार्जित धंदा विकला होता आणि कुटुंब सुखवस्तू होते. हिवाळ्यात त्यांचा मुक्काम भूमध्य सागराकाठच्या नीस शहरी असे. धाकटा भाऊ लहानपणीच वारला आणि सुझान एकुलती उरली. तिची प्रकृती नाजूक, त्यात दम्याचा विकार. व्यायामाने प्रकृती सुधारावी एवढ्याच हेतूने १९१० मध्ये शार्लने तिच्या हाती रॅकेट दिली. काही महिन्यांतच या मुलीचे अंग काही वेगळे आहे, हे त्याने ओळखले.

शार्ल स्वतः नावाजलेला खेळाडू नव्हता. पण त्याची नजर चिकित्सक होती. नीसच्या परिसरात हिवाळ्यात युरोपातील उत्तम खेळाडू येत. त्यांचे सामने पाहून त्याने एक निष्कर्ष काढला. स्त्रिया मागच्या रेषेवर उभ्या राहून प्रतिस्पर्धिनीच्या चुकीची वाट पाहतात; पुरुष पुढे येऊन गुण हिसकावून घेतात. आपली मुलगी पुरुषांसारखी खेळेल, असे त्याने ठरविले. मैदानात निरनिराळ्या ठिकाणी हातरुमाल अंथरायचे आणि चेंडू नेमका त्यावर पडेपर्यंत फटके मारायचे, असा सराव सुरू झाला. सरावासाठी जोडीदार बहुधा पुरुष असत. अचूकपणा आला, त्याबरोबर धाकही आला. चूक झाली की बाप चारचौघांत खडसावी. मुलीच्या खेळावरची पहिली मालकी अशी घरातच प्रस्थापित झाली.

१९१४ च्या उन्हाळ्यात, पंधरावे वर्ष नुकतेच सरलेले असताना, सुझानने पॅरिसमधील जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धेत एकेरी आणि दुहेरीची अजिंक्यपदे मिळविली. लगोलग महायुद्ध पेटले आणि मोठ्या स्पर्धा बंद पडल्या. जी वर्षे कादंबरीतील नायिकेची ऐन बहराची, ती सुझानने युद्धाच्या सावटाखाली केवळ सराव करीत काढली. १९१९ मध्ये विंबल्डन पुन्हा भरले तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि हिरवळीच्या मैदानावर प्रथमच मोठी स्पर्धा खेळत होती.

त्या काळी गतविजेत्या खेळाडूला थेट अखेरच्या सामन्यात उतरण्याची मुभा असे. तेथे सुझानची गाठ पडली ती सात वेळा विंबल्डन जिंकलेल्या, चाळीस वर्षांच्या डोरोथी लँबर्ट चेंबर्स यांच्याशी. एक घोट्यापर्यंत पोचणाऱ्या झग्यात, दुसरी पोटरीपर्यंतच्या हलक्या वस्त्रात. एक सरत्या युगाची, दुसरी येऊ घातलेल्या युगाची. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी प्रेक्षकांत होती. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स यांना विजयासाठी दोनदा एकेक गुण हवा होता. दोन्ही वेळा सुझान निसटली. १०-८, ४-६, ९-७ असा तो सामना तिने जिंकला. मधल्या विश्रांतीत बापाने धाडलेली ब्रँडी घेऊन ती पुन्हा उभी राही, ही गोष्ट त्या सोवळ्या मैदानावर दीर्घकाळ चघळली गेली.

पुढची सात वर्षे स्त्रियांचे टेनिस म्हणजे सुझान असे समीकरण झाले. १९१९ ते १९२३ अशी सलग पाच आणि १९२५ चे सहावे अशी विंबल्डनची एकेरीची अजिंक्यपदे तिने घेतली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्णपदक मिळविताना तिने एकंदर चारच गेम गमावले. मिश्र दुहेरीचेही सुवर्ण तिचेच होते. १९२५ च्या विंबल्डनमध्ये पाच सामन्यांत मिळून तिने प्रतिस्पर्ध्यांना अवघे पाच गेम दिले. केसांभोवती रेशमी पट्टा, ज्यां पातू या वेशकाराने शिवलेली बिनबाह्यांची वस्त्रे, नर्तकीसारखी उडी असे तिचे रूप वृत्तपत्रांतून जगभर गेले. तिला पाहण्यासाठी लोटणारी गर्दी विंबल्डनच्या जुन्या आवारात मावेना. १९२२ मध्ये ही स्पर्धा नव्या, प्रशस्त जागी गेली त्यामागे या गर्दीचा वाटा मोठा होता.

गर्दी वाढली म्हणजे तिकिटांचा पैसा वाढला. तो जाई क्लबांकडे आणि संघटनांकडे. खेळाडू हौशी असावा, खेळासाठी त्याने पै घेऊ नये, असा दंडक होता. वरवर पाहता हे तत्त्व उदात्त. व्यवहारात मात्र ते धनवंतांच्या सोयीचे होते. ज्याच्या घरी पिढीजात पैसा, त्यालाच ही हौस परवडे. आडमार्गाने मिळणाऱ्या सवलतींची कुजबुज सर्वत्र असे. पण उघड कमाई हे पाप मानले जाई. सुझान अजिंक्य होती, तिच्यामुळे मैदाने भरत होती, आणि कायद्याने तिचा त्यावर कवडीचाही हक्क नव्हता.

हक्क नव्हता, अपेक्षा मात्र अमर्याद होत्या. १९२१ मध्ये युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच प्रदेशांसाठी निधी जमविण्याच्या हेतूने ती अमेरिकेस गेली. प्रकृती बरी नव्हती. तशाच अवस्थेत तिला फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत मोला मॅलरीसमोर उतरावे लागले. पहिला सेट २-६ असा गमावल्यावर खोकल्याच्या उबळीने तिने सामना सोडला. प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली. कादंबरीतील नायिका आजारी पडली की वाचक हळहळतो. खऱ्या नायिकेने आजारी पडणे प्रेक्षकाला मान्य नसते. पुढल्याच वर्षी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात तिने मॅलरीला ६-२, ६-० असे हरविले, पण नाटकी आणि पळपुटी हा शिक्का पुसला गेला नाही.

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी कान येथे तिचा आणि अमेरिकेच्या वीस वर्षांच्या हेलन विल्सचा सामना झाला. ज्यांना तिकीट मिळाले नाही ते झाडांवर आणि शेजारच्या छपरांवर चढले. दुसऱ्या सेटमध्ये चेंडू बाहेर गेल्याची हाक ऐकून दोघींनी हस्तांदोलन केले, छायाचित्रकार धावले. इतक्यात ती हाक प्रेक्षकांतून आली होती आणि चेंडू आतच पडला होता, असा खुलासा रेषेवरील पंचाने केला. संपलेला सामना पुन्हा सुरू झाला. थकलेल्या सुझानने तो ६-३, ८-६ असा जिंकला. नियतीचा खेळ असा, की त्याच दिवशी मैदानावर एकट्या उभ्या राहिलेल्या पराभूत हेलनजवळ फ्रेडरिक मूडी नावाचा तरुण जाऊन दोन शब्द बोलला आणि १९२९ मध्ये त्या दोघांचा विवाह झाला. कादंबरीकाराला साजेसा हा प्रसंग हरलेल्या नायिकेच्या वाट्याला गेला; जिंकलेली फुलांच्या गराड्यात हुंदके देत होती. तरी जीवन कादंबरीच्या शेवटच्या पानावर थांबत नाही: हेलनचा तो संसारही १९३७ मध्ये मोडला.

त्याच वर्षी विंबल्डनमध्ये ठिणगी पडली. एका दिवशी तिचे एकेरी व दुहेरीचे सामने लागोपाठ ठेवण्यात आले. वेळ बदलून मिळावी, असा निरोप तिने धाडला. तो मानला गेला नाही. ती उशिरा पोचली तेव्हा राणी मेरी तिच्या प्रतीक्षेत बसून राहिली होती. अधिकाऱ्यांनी तिला धारेवर धरले, वृत्तपत्रांनी राणीचा अवमान म्हणून गहजब केला, आणि सात वर्षे जिला डोक्यावर घेतले तिच्याकडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली. तिने स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुन्हा ती विंबल्डनमध्ये कधीच खेळली नाही.

मग तिने जे केले, ते तिच्या सहा अजिंक्यपदांहून मोठे ठरते. अमेरिकन व्यवस्थापक सी. सी. पाइल याच्याशी पन्नास हजार डॉलरचा करार करून ती उघडपणे धंदेवाईक खेळाडू झाली. ९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौऱ्याचा प्रारंभ झाला. त्या संचात पुरुष खेळाडूही होते. परंतु लोक येत ते सुझानसाठी आणि सर्वांत मोठे मानधन तिचे होते. मेरी ब्राऊन या पस्तिशीतील खेळाडूविरुद्धचे अडतीसही सामने तिने जिंकले. बारा वर्षे आपल्या खेळाने इतरांच्या तिजोऱ्या भरल्या, मग आपली कला विकण्याचा अधिकार आपल्याला का नसावा, असा तिचा सरळ युक्तिवाद होता. उत्तर बहिष्काराने मिळाले. विंबल्डनच्या क्लबाने तिचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले आणि मोठ्या स्पर्धांची दारे कायमची मिटली. सत्ताविसाव्या वर्षी तिची कारकीर्द जवळपास संपली. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळण्यास तेव्हा अठरा वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या धाडसाचे माप कळते.

प्रेमानेही तिला स्थैर्य दिले नाही. बाल्डविन बाल्डविन या धनाढ्य अमेरिकनाशी तिचे नाते काही वर्षे टिकले. पण तो आधीच विवाहित होता आणि त्याचा विवाहबंध न सुटल्याने त्यांचे लग्न झाले नाही. १९२९ मध्ये शार्लही वारला. ज्याच्या धाकाने ती घडली आणि ज्याच्या आधाराने ती उभी राहिली, तो खांब गेला.

यानंतरची सुझान वृत्तपत्रांना आकर्षक वाटली नाही. वास्तविक तीच अधिक आदरणीय आहे. तिने पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालविली, मुलामुलींना शिकविले आणि खेळाच्या शिक्षणावर पुस्तके लिहिली. बापाने तिला जे धाकाने दिले, ते ती आता पुढच्या पिढीला देत होती. १९३८ च्या उन्हाळ्यात रक्ताच्या दुर्धर विकाराने तिला घेरले आणि ४ जुलै रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती निवर्तली. दोनच दिवसांपूर्वी हेलन विल्सने विंबल्डनचे आठवे अजिंक्यपद पटकावले होते.

तोवर तिने उघडलेल्या वाटेने दूरदूरच्या मुली चालू लागल्या होत्या. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डनमध्ये सामना जिंकला; असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. सुझानने मांडलेला मुद्दा मान्य व्हायला मात्र फार काळ लागला. विंबल्डनने धंदेवाईक खेळाडूंना प्रवेश दिला तो १९६८ मध्ये. त्या वर्षी पुरुष विजेता रॉड लेव्हर याला दोन हजार पौंड मिळाले आणि महिला विजेती बिली जीन किंग हिला साडेसातशे. दोघांचे पारितोषिक समान व्हायला २००७ साल उजाडावे लागले. पॅरिसच्या रोलाँ गॅरो मैदानावरील एक भव्य कोर्ट आज सुझानच्या नावाने ओळखले जाते आणि तेथील महिला विजेतीच्या हाती दिला जाणारा चषकही तिच्याच नावाचा आहे. हक्क मागणारीला हयातीत बहिष्कार आणि मरणोत्तर गौरव, हा समाजाचा जुना शिरस्ता आहे.

मुलींनी खेळाडू नायिकांच्या प्रेमकथा अवश्य वाचाव्यात. स्वप्न पाहिल्याखेरीज कोणी पहाटे उठून मैदानावर जात नाही. परंतु घरोघरचे पालक, शाळांतील शिक्षक आणि संघटनांचे पदाधिकारी यांनी सुझानची कथाही वाचावी. मुलीने पदक आणले की ते गावाचे होते, शाळेचे होते, देशाचे होते; ती आजारी पडली, हरली किंवा तिने मोबदला मागितला की ती एकटीची होते. ही रीत बदलण्यासाठी कादंबरीतल्या प्रियकराची वाट पाहावी लागत नाही. खेळ जिचा, त्याचे श्रेय, त्याचे मोल आणि तो थांबविण्याचा निर्णयही तिचाच, एवढे मान्य केले तरी पुरे.