ठिपक्यांतून उजेड

मैत्रिणींनो, गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र काळंमिट्ट छापलेलं असलं, की पोरं लगेच पान उलटतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका बंगाली लेखकाला हीच गोष्ट फार लागली होती. ते उपेंद्रकिशोर राय, सत्यजित राय यांचे आजोबा.

जन्म १८६३ चा, आताच्या बांगलादेशातल्या मैमनसिंग भागात. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिलं, चित्रंही स्वतःच काढली. पण तेव्हा चित्र लाकडावर कोरून छापायचे. कोरण्यात साऱ्या नाजूक छटा गेल्या! दुसरा असता तर छापखान्याला बोल लावून गप्प बसला असता. यांनी मात्र विलायतेहून यंत्रसामग्री मागवली आणि १८९५ च्या सुमारास कोलकात्यात स्वतःचंच काम सुरू केलं.

जाळीच्या काचेतून चित्राचा फोटो घ्यायचा, की त्याचे बारीक ठिपके होतात. मोठे ठिपके तिथे सावली, लहान तिथे उजेड. काच किती अंतरावर ठेवायची, भिंगातून प्रकाश किती सोडायचा, याचं त्यांनी चक्क गणित मांडलं. त्यावरचे त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून आले.

१९१० मध्ये ‘टुनटुनीर बोई’ आलं. त्यातल्या गोष्टी पूर्व बंगालच्या बायका पेंगुळलेल्या मुलांना सांगायच्या त्या. म्हणजे मूळ धन आपल्यासारख्यांचंच की! १९१३ मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढलं. पण मधुमेहानं गाठलं, इन्सुलिन तेव्हा कुठलं? १९१५ मध्ये, अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते गेले. ‘संदेश’ मग विलायतेत छपाई शिकून आलेल्या मुलानं, सुकुमारनं, हाती घेतलं.