दादासाहेब फाळके यांचा वाटाणा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. कलाभवनातील शिक्षण, छायाचित्रण, छापखाना हे वाचकांस विदितच आहे. आम्हांस मोलाचा वाटतो तो १९१२ सालचा वाटाणा. विलायतेहून कॅमेरा आणला, परंतु भांडवल कोण देणार? तेव्हा कुंडीत वाटाणा पेरून, रोपाची एकेक छबी दिवसांमागून दिवस टिपून, त्यांनी ती सलग दाखविली. पडद्यावर अंकुर डोळ्यांदेखत वाढू लागला! कॅमेऱ्याची करामत आधी अशी सिद्ध झाली, तेव्हाच पैसेवाल्याचा विश्वास बसला. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच, आणि ते ऋण आम्ही मोठे मानतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले.