श्रेष्ठिवर्य प्रेमचंद रायचंद

सुरतच्या जैन कुटुंबात १८३१ साली जन्मलेले श्रेष्ठिवर्य प्रेमचंद रायचंद मुंबईच्या शेअर दलालांत अग्रगण्य ठरले. अनेकांची बचत एकत्र करून उद्योग उभारावा आणि नफ्यातोट्यात सर्वांनी वाटेकरी व्हावे, हे शेअरचे मूळ तत्त्व. परंतु अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१-६५) कापसाचा पैसा वाहू लागला आणि तत्त्व मागे पडले. गिरगावलगतच्या बॅक बेमध्ये भराव पुरा होण्याआधीच त्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० वर गेला! १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले, असंख्य घरांची पुंजी बुडाली. त्या सट्ट्याचे धुरीण प्रेमचंदशेठच होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास दिलेल्या चार लाखांतून ग्रंथालय आणि मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८७८ साली तो पूर्ण झाला. १९०६ साली शेठजी निवर्तले.