बालकवी ठोंबरे

आपण शाळेत बालकवींच्या कविता म्हणतो. पण बालकवी हे त्यांचं खरं नाव नव्हतं. ते नाव त्यांना एका सभेत मिळालं. ते कसं मिळालं, ते मी आज सांगणार आहे.

बालकवींचे पूर्ण नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे असे होते. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगाव येथे झाला. धरणगाव आता जळगाव जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील पोलीस खात्यात नोकरीला होते. पोलिसांची बदली होते. त्यामुळे ठोंबऱ्यांचं बिऱ्हाड आज या गावाला तर उद्या त्या गावाला. शाळा बदलली की मित्र बदलतात, बाक बदलतो, गुरुजी बदलतात. असं पुष्कळ वेळा झालं. त्यांचं शिक्षण फार झालं नाही. इंग्रजी पाचवीच्या आसपास ते सुटलं.

मग त्यांना कविता कोणी शिकवली? त्यांना एक मोठी बहीण होती. तिला घरात जिजी म्हणत. तिला जुन्या कवींच्या कवितांची गोडी होती. तिच्यामुळे छोट्या त्र्यंबकला ती गोडी लागली. माझी ताईसुद्धा मला पाढे म्हणून दाखवते, पण कविता म्हणत नाही. जिजीसारखी बहीण मिळाली तर शाळा बदलली तरी चालतं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे रान. खानदेशात तेव्हा रान पुष्कळ होतं. त्र्यंबक रानात हिंडायचे. झरा, पाखरं, गवत, ढग हे सगळं बघत बसायचे. आमच्या चेण्याला पण एका बाजूला घोडबंदरचा रस्ता आहे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर आणि जंगल आहे. पावसाळ्यात नदीला पाणी येतं तेव्हा शाळेत लक्ष लागत नाही. त्यामुळे बालकवींना काय वाटत असेल ते मला कळतं.

आता जळगावची गोष्ट. जळगाव हे काही मुंबई-पुण्यासारखं मोठं शहर नव्हतं. पण तिथे काव्यरत्नावली नावाचं एक मासिक निघत होतं. ते १८८७ साली सुरू झालं. त्याचे संपादक नारायण नरसिंह फडणीस हे होते. या मासिकात काय असायचं? फक्त कविता! बाजारभाव नाही, बातम्या नाहीत, नुसत्या कविता. केशवसुतांच्या कवितासुद्धा त्यात छापून यायच्या. केशवसुत हे फार मोठे कवी. ते खानदेशात भडगाव आणि फैजपूर येथे शाळामास्तर होते. १९०५ साली ते वारले. म्हणजे खानदेशात कविता करणारी आणि कविता छापणारी माणसं आधीपासूनच होती. जसं एखाद्या गावात सगळेच भजनाला बसतात, मग लहान मुलगासुद्धा टाळ धरायला शिकतो, तसं ते होतं.

त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरलं. कविसंमेलन म्हणजे कवींची सभा. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते डॉक्टर तर होतेच, पण त्यांचा झाडपाल्याचा अभ्यास फार मोठा होता. औषधी वनस्पतींवर त्यांनी आणि बसू नावाच्या दुसऱ्या विद्वानांनी मिळून मोठा ग्रंथ लिहिला. तो १९१८ साली निघाला. माझ्या आजीला पण कोणत्या पाल्याने ताप उतरतो ते माहीत आहे. म्हणून मला कीर्तिकर डॉक्टर फार आवडले.

त्या सभेत ठोंबरे होते. त्यांचं वय तेव्हा सोळा-सतरा. मिशी फुटायचं वय. समोर सगळी मोठी माणसं. शिकलेली, नाव असलेली. आणि हा मुलगा शाळेत धड न टिकलेला. तरी तो उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखवली. सभेला ती इतकी आवडली की अध्यक्षांनी त्यांना बालकवी ही पदवी दिली. त्या दिवसापासून त्र्यंबक ठोंबरे हे बालकवी झाले. पुढे मोठे झाले, लग्न झालं, तरी नाव बालकवीच राहिलं.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. ठोंबऱ्यांना तिथे पैसे नाही मिळाले. फक्त एक नाव मिळालं. पण ते नाव देताना मोठ्या माणसांनी त्यांचं ऐकून घेतलं होतं. लहान आहे, गप बस, असं म्हणून त्यांना खाली बसवलं नाही. तेव्हा खाली बसवलं असतं तर काय झालं असतं? कदाचित त्यांनी पुन्हा कोणाला कविता दाखवली नसती. मग आपल्याला फुलराणी मिळाली नसती.

पुढची गोष्ट अजून छान आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक नावाचे कवी होते. त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणतात. ते अहमदनगरला राहत. त्यांना ठोंबऱ्यांचा लळा लागला. त्यांनी ठोंबऱ्यांना आपल्या घरी मुलासारखं ठेवून घेतलं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले होते आणि ठोंबरे हिंदू होते. त्या काळी धर्म वेगळा असला की लोक एकमेकांकडे पाणीसुद्धा पीत नसत. पण या घरात कविता मोठी होती. टिळकांच्या बायको लक्ष्मीबाई. त्या लग्न झाल्यावर लिहायला-वाचायला शिकल्या. त्या पण कविता करू लागल्या. त्यांनी स्मृतिचित्रे नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी ठोंबऱ्यांच्या गमती सांगितल्या आहेत. म्हणजे एकाच घरात तीन कवी! चुलीवर भाकरी आणि तोंडात कविता. अशा घरात कोणाला लिहावंसं वाटणार नाही?

बालकवींनी फूल, पाखरू, पाऊस, झरा यांच्यावर कविता केल्या. फुलराणी या कवितेत एक भोळी कळी असते. संध्याकाळी वारा तिची थट्टा करतो. सकाळी सूर्याच्या किरणाशी तिचं लग्न लागतं. पाखरं, वारा सगळे वऱ्हाडी होतात. औदुंबर ही कविता तर फक्त आठ ओळींची आहे. पण ती वाचली की गाव, शेत, पायवाट आणि पाण्याकडेला झाड असं सगळं डोळ्यासमोर येतं. आठ ओळींत एवढं मावतं हे मला आधी माहीत नव्हतं. मी तर गाईवर निबंध लिहिला तरी पान भरतो.

पण बालकवी नेहमी आनंदी नव्हते. त्यांच्या काही कविता फार उदास आहेत. पारवा ही त्यातली एक. कौतुक झालं म्हणून माणसाचं सगळं दुःख जातं असं नाही. पण दुःख झालं तरी ते लिहीत राहिले, कारण वाचणारी माणसं आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनवर आगगाडीखाली सापडून बालकवी वारले. त्यांना अजून अठ्ठावीस पुरी झाली नव्हती. आपण भाईंदरला किंवा मीरा रोडला जातो तेव्हा पुलावरूनच जावं, रूळ ओलांडू नयेत. एवढा मोठा कवी एका क्षणात गेला. त्यांच्या कवितांची पुस्तकं ते गेल्यावर निघाली. एवढ्या थोड्या आयुष्यात त्यांनी सुमारे दीडशे कविता लिहिल्या.

मला बालकवी आवडतात, कारण मला पण लिहायला आवडतं. मी नदीवर चार ओळी केल्या आहेत. घरी म्हणतात की त्याने पोट भरत नाही. ते खरं आहे. पण आजीला अक्षर येत नाही, तरी तिला लग्नातली पुष्कळ गाणी तोंडपाठ आहेत. तिने मला माझ्या ओळी दोनदा म्हणायला लावल्या. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. ती माझ्यापेक्षा पण छान लिहिते, पण वही दप्तरात तळाला ठेवते. ती घरी वेगळी बोली बोलते, म्हणून तिला लाज वाटते. बाईंनी तिला सांगितलं की घरच्या बोलीतच लिही. आता तिची कविता या भित्तिपत्रकावर डाव्या कोपऱ्यात लावली आहे. कागद निळा आहे.

यंदा आमची चौथी संपेल. मग आम्ही पाचवीला दुसऱ्या शाळेत जाऊ. तिथे मुलं जास्त असतील आणि आमचं लिहिलेलं कोण वाचेल ते माहीत नाही. बालकवींना जळगावची सभा मिळाली, नगरचं घर मिळालं. आमची सभा म्हणजे ही भिंत.

म्हणून आज शाळेत आलेल्या आई, बाबा, काका, मावशी या सगळ्यांना माझी विनंती आहे. फक्त आपल्या मुलाचा कागद बघून जाऊ नका. सगळे कागद वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आम्हाला सांगा, आम्ही वाचून दाखवू. आणि एखादा आवडला तर तो कोणी लिहिला ते विचारा, आणि त्या मुलाला बोलावून सांगा. पदवी नाही दिली तरी चालेल.

— इयत्ता ४ थी, चेणे