देवीच्या साथीला वेसण घालणारे ग्रामीण वैद्य : डॉ. एडवर्ड जेनर

अंगावर पुरळ उठवणाऱ्या विषाणूजन्य रोगांपैकी गोवर आणि कांजिण्या आजही आढळतात. त्यांतील सर्वांत भीषण असा देवीचा रोग मात्र पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. पूर्णपणे निर्मूलन झालेला माणसाचा हा आजवरचा एकमेव संसर्गजन्य रोग होय. या यशाचा पाया १७९६ साली इंग्लंडमधील एका लहानशा गावी डॉ. एडवर्ड जेनर यांनी घातला.

जेनर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली येथे झाला. त्यांचे वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. एडवर्ड पाच वर्षांचे असतानाच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्यांचा सांभाळ केला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना देवी टोचण्यात आल्या. त्यापूर्वी उपाशी ठेवून, जुलाब देऊन आणि रक्त काढून त्यांना अशक्त करण्यात आले आणि टोचल्यानंतर इतर मुलांसह एका तबेल्यात ठेवण्यात आले. या अनुभवाचा धसका त्यांच्या मनातून कधीच गेला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ही टोचणी म्हणजे आजची लस नव्हे. देवीच्या सौम्य रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालण्याची ही रीत आशिया आणि आफ्रिकेत पूर्वापार चालत आली होती. तुर्कस्तानात ती पाहिलेल्या लेडी मेरी माँटेग्यू यांनी १७२१ साली लंडनमध्ये आपल्या मुलीला देवी टोचून घेतल्या आणि ही रीत इंग्लंडमध्ये रुजली. नैसर्गिक रीतीने देवी आलेल्या दर दहा रोग्यांपैकी सुमारे तीन दगावत. टोचलेल्यांत हे प्रमाण शंभरात एक-दोन इतके असे.

तथापि या उपायात एक मोठा दोष होता. टोचलेल्या माणसाला खरा देवीचाच रोग होत असे आणि त्याच्यापासून तो शेजाऱ्यांना जडत असे. संसर्ग झाल्यावर साधारण दहा ते चौदा दिवस रोगी निरोगीच दिसे. मग तीव्र ताप येऊन प्रथम तोंडात व घशात, नंतर चेहऱ्यावर, हातापायांवर आणि सर्वांगावर पुरळ उठे. तोंडातील फोड फुटले की विषाणू लाळेत मिसळून खोकल्यावाटे आणि बोलताना उडणाऱ्या तुषारांवाटे जवळच्या माणसांपर्यंत पोहोचत. रोग्याचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण यांतूनही संसर्ग होई. शेवटची खपली गळून पडेपर्यंत रोगी इतरांना धोकादायक ठरत असे. त्यामुळे एका घराला सुरक्षित करणारी टोचणी शेजारच्या घरात साथ नेऊन पोहोचवू शकत होती.

किशोरवयात जेनर यांनी चिपिंग सॉडबरी येथील एका शल्यवैद्याकडे उमेदवारी केली. १७७० साली ते लंडनला जाऊन विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांचे शिष्य झाले. तर्क लढवीत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहावा, ही हंटर यांची शिकवण त्यांनी आयुष्यभर पाळली. लंडनमध्ये राहण्याची संधी असूनही ते बर्कलीला परतले आणि तेथेच वैद्यकी करू लागले. कोकिळेच्या पिल्लाविषयीच्या निरीक्षणांबद्दल १७८९ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

गोशीतळा झालेल्या गवळणींना देवी येत नाहीत, असा त्या भागातील गुराख्यांचा समज होता. गोशीतळा हा गाईंच्या आचळांवर फोड आणणारा सौम्य रोग. धार काढताना तो माणसाच्या हातांना जडत असे. बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ सालीच आपल्या पत्नीला व मुलांना गाईच्या फोडातील द्रव टोचला होता. मात्र या समजुतीची पद्धतशीर कसोटी जेनर यांनी घेतली. १४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. हा मुलगा त्यांच्या माळ्याचा होता. त्याला किंचित ताप आला आणि तो बरा झाला. १ जुलै रोजी जेनर यांनी त्याला खऱ्या देवी टोचल्या. परंतु रोग उद्भवला नाही. एका अजाण मुलाला अशा धोक्यात घालणारा प्रयोग आजच्या नियमांत बसणारा नाही.

रॉयल सोसायटीने हा शोध प्रसिद्ध करण्यास अनुकूलता दर्शवली नाही. तेव्हा आणखी रुग्णांची निरीक्षणे जोडून जेनर यांनी १७९८ साली स्वखर्चाने पुस्तक छापले. नव्या उपायाचे मोठे बलस्थान त्यांनी ओळखले होते. गोशीतळा प्रत्यक्ष स्पर्शानेच जडतो, श्वासावाटे पसरत नाही. म्हणून लस टोचलेला माणूस घरच्यांना वा गावाला धोकादायक ठरत नाही. लंडनमधील देवीच्या रुग्णालयात ही लस टोचलेल्या काही जणांच्या सर्वांगावर पुरळ उठले, तेव्हा या दाव्याविषयी शंका निर्माण झाली. देवीचे रोगी असलेल्या त्या वास्तूत लशीत खऱ्या देवींची भेसळ झाली असावी, असे जेनर यांचे म्हणणे होते.

मराठीत लस हा शब्द मुळात फोडातून झिरपणाऱ्या द्रवासाठीच वापरला जात असे, आणि त्या काळची लस तशीच होती. ती टिकवण्यासाठी एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात टोचत नेणे हा खात्रीचा मार्ग होता. १८०३ साली स्पेनमधून निघालेल्या जहाजावर २२ अनाथ मुलांच्या दंडांतून ती अमेरिका खंडात पोहोचवण्यात आली. भारतात ती बगदाद व बसरामार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस भारतात यशस्वी ठरलेली पहिली लस होय. तिच्या दंडावरील फोडातून लस घेऊन पुढे ती देशाच्या इतर भागांत गेली.

ब्रिटिश संसदेने जेनर यांना १८०२ साली १० हजार आणि १८०७ साली २० हजार पौंड दिले. त्यांनी मात्र आपली पद्धत गुप्त ठेवून पैसा कमावला नाही. बर्कलीच्या बागेतील एका झोपडीत ते गरिबांना विनामूल्य लस टोचीत असत. एकदा घेतलेली लस जन्मभर पुरते हा त्यांचा विश्वास पुढे चुकीचा ठरला आणि पुन्हा टोचणीची गरज स्पष्ट झाली. दंडातून दंडात टोचण्याने इतर रोगही पसरू शकतात, हेही नंतर ध्यानात आले. २६ जानेवारी १८२३ रोजी त्यांचे बर्कली येथे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत जेम्स फिप्सही होता.

भारतातील अखेरचा देवीचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात आढळला. १९७७ साली सोमालियात नैसर्गिक संसर्गाचा जगातील शेवटचा रोगी सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाची घोषणा केली. हा विषाणू माणसाखेरीज अन्य प्राण्यात वास करीत नाही आणि पुरळामुळे रोगी सहज ओळखू येतो. त्यामुळे रोगी शोधून त्याच्या संपर्कातील सर्वांना लस टोचली की साखळी तुटत असे. पुढे देवीची लस देणे थांबले. त्याच कुळातील विषाणूमुळे होणारा एमपॉक्स २०२२ साली अनेक देशांत पसरला, तेव्हा दंडावर देवीचे वण नसलेली नवी पिढी त्या जुन्या संरक्षणाला मुकल्याचे दिसून आले.